नियम मोठा की पत्ता?

पत्त्यांचा डाव मांडला आणि एकदाही वाद झाला नाही, असे फार क्वचित घडते. त्यातून ते पत्ते राक्षसांच्या झुंजीचे असले तर विचारूच नका. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावीही आता पोकेमॉन हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मधल्या सुट्टीत दोघे समोरासमोर बसतात, चौघे भोवती उभे राहतात आणि थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास निघतो : "इजा किती झाली?"

असाच एक प्रश्न आपण घेऊ. समोर चॅरिझार्ड नावाचा अग्निराक्षस आहे. त्याची जीवनशक्ती १२०. त्याच्यावर ब्लास्टॉइज नावाचे जलकासव ५० इजेचा हल्ला करते. अग्नी पाण्यापुढे दुर्बळ, म्हणून इजा दुप्पट होते. शिवाय हल्ला करणाऱ्याने 'प्लसपॉवर' नावाचा पत्ता खेळला आहे. तो इजा १० ने वाढवतो. आता सांगा, चॅरिझार्ड मेला की वाचला?

एक म्हणतो, पन्नास आणि दहा साठ, साठ दुणे एकशेवीस, मेला. दुसरा म्हणतो, पन्नास दुणे शंभर, शंभर आणि दहा एकशेदहा, वाचला. दोघांचाही पाढा बरोबर आहे. मग खरे कोणाचे? बहुधा अशा वेळी जो वरच्या वर्गातला असतो किंवा मोठ्याने ओरडतो, त्याचे खरे ठरते आणि धाकट्याला आपला आवडता पत्ता गमवावा लागतो. वास्तविक याचे उत्तर आवाजात नसून पत्त्यावरच्या बारीक अक्षरांत असते. ती अक्षरे कशी वाचावीत, हेच आज आपण पाहू या.

खेळाची मांडणी

प्रथम खेळाची तोंडओळख करून घेऊ. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला आणि १९९९ साली त्याचे इंग्रजी पत्ते आले. प्रत्येक खेळाडू स्वतः जुळवलेला ६० पत्त्यांचा संच घेऊन बसतो. एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते संचात चालत नाहीत. साधे ऊर्जापत्ते मात्र हवे तितके घेता येतात. सुरुवातीला हातात सात पत्ते घ्यायचे आणि सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे ठेवायचे. एक प्राणी पुढे लढतो, जास्तीत जास्त पाच मागच्या बाकावर थांबतात. हल्ल्यासाठी प्राण्याला ऊर्जापत्ते जोडावे लागतात, पण एका पाळीत हातातला एकच ऊर्जापत्ता जोडता येतो. शत्रूचा प्राणी बाद केला की आपल्या बक्षिसांतला पत्ता उचलायचा. ज्याची बक्षिसे आधी संपली तो जिंकला.

म्हणजे नियम मोजकेच आहेत. गंमत अशी की, जवळजवळ प्रत्येक पत्ता यांतला एखादा नियम वाकवतो. एक पत्ता म्हणतो, "जादा ऊर्जा जोडा". दुसरा म्हणतो, "बाकावरच्या प्राण्यालाही इजा करा". आता पुस्तकातला नियम एक सांगतो आणि पत्ता दुसरेच सांगतो, तर मोठा कोण?

हुकमाची दुर्री

याचे उत्तर तुम्हांला आधीच ठाऊक आहे. मेंढीकोटात इस्पिकची उतारी झाली, कोणी इस्पिकचा एक्का टाकला आणि तुमच्याकडे इस्पिक नाही. तुम्ही हुकमाची दुर्री टाकता आणि हात उचलता. "वरचा पत्ता खालच्याला मारतो" हा सामान्य नियम. "हुकूम इतर रंगांना मारतो" हा विशेष नियम. दोघांची गाठ पडली की विशेष नियम जिंकतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

अशा जमवाजमवीच्या झुंजपत्त्यांची सुरुवात रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने केली. त्याचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नियमावलीत हे तत्त्व स्पष्ट लिहिले आहे : पत्त्यावरचा मजकूर आणि नियमावली यांत थेट विरोध आला, तर पत्ता खरा मानावा. मात्र ज्या बाबतीत विरोध असेल तेवढ्यापुरताच. बाकीचे सारे नियम जागच्या जागी राहतात. "जादा ऊर्जा जोडा" असे सांगणारा पत्ता ऊर्जेपुरताच बोलतो. एका पाळीत दोन वेळा हल्ला करण्याची परवानगी त्यातून काढता येत नाही.

सावंतवाडीचा गंजिफा

नियम परिस्थितीप्रमाणे बदलतात ही कल्पना काही परदेशातूनच आली असे समजू नका. आपल्या कोकणात सावंतवाडीला गंजिफा नावाचे गोल पत्ते हाताने रंगवून तयार होतात. चितारी कारागिरांची ही कला लोप पावत चालली होती. १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यातच आसरा देऊन पुन्हा उभे केले.

यांतील दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचा एकेक. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. तिघे खेळले की प्रत्येकाच्या वाट्याला ४० येतात. या खेळात हुकूम नसतो, तरीही तो सोपा नाही. कारण दहांपैकी पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, प्रधानाखालोखाल एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान! म्हणजे "नव्वी मोठी की तिर्री?" या प्रश्नाला गंजिफात उत्तरच नाही. कोणत्या रंगातली, हे आधी विचारावे लागते.

याहून मौजेचा नियम उतारीचा. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करतो. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. म्हणजे या खेळात सूर्यसुद्धा एक पत्ताच झाला! संगणकाच्या भाषेत याला 'अट' म्हणतात : अमुक असेल तर हे करा, नसेल तर ते करा. सावंतवाडीचा खेळाडू हे तोंडपाठ पाळत असे.

तेव्हा पहिला धडा असा : पत्त्याची ताकद पत्त्यात नसते, पत्ता, नियम आणि परिस्थिती या तिघांत मिळून ती असते.

आधी की नंतर?

आता चॅरिझार्डकडे वळू. पोकेमॉनमध्ये इजा मोजण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा हल्ल्याचा मूळ आकडा घ्यायचा. मग हल्ला करणाऱ्याच्या बाजूची वाढ-घट करायची. मग शत्रूची दुर्बलता पाहायची. मग त्याचा प्रतिकार वजा करायचा. शेवटी शत्रूच्या बाजूची वाढ-घट करायची. हा क्रम मोडायचा असेल तर पत्त्याने तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आपल्या भांडणाचे मूळ इथेच आहे. १९९९ च्या संचातला प्लसपॉवर सांगतो की, दुर्बलता आणि प्रतिकार लावून झाल्या*नंतर* १० मिळवा. २०११ साली याच नावाचा पत्ता नव्या मजकुराने आला. तो सांगतो की, दुर्बलता आणि प्रतिकार लावण्या*आधी* १० मिळवा. म्हणून :

जुना पत्ता : ५० × २ + १० = ११०. चॅरिझार्ड वाचला.

नवा पत्ता : (५० + १०) × २ = १२०. चॅरिझार्ड बाद.

म्हणजे भांडणारे दोघेही बरोबर होते. मात्र प्रत्येकजण वेगळ्या पत्त्याविषयी बोलत होता. नाव एक, फरक एका शब्दाचा. पण त्या शब्दावर चॅरिझार्डचा जीव अवलंबून आहे. गणिताच्या तासाला कंस आधी सोडवा, गुणाकार आधी करा असे गुरुजी बजावतात, ते उगाच नव्हे. कंस हा 'आधी' या शब्दाचाच संक्षेप आहे.

आता एक उलटा प्रयोग करा. हिटमॉनचॅन हा मुष्टियोद्धा चॅरिझार्डवर ४० चा ठोसा मारतो. जुन्या चॅरिझार्डच्या पत्त्यावर मुष्टियोद्ध्यांविरुद्ध ३० चा प्रतिकार छापलेला आहे. जुना प्लसपॉवर लावा : ४० − ३० + १० = २०. नवा लावा : ४० + १० − ३० = २०. उत्तर तेच! असे का? बेरीज आणि वजाबाकी यांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही; बेरीज आणि गुणाकार यांचा बदलला की बिघडते. म्हणून दुप्पट करणारा नियम दिसला की सावध व्हा. वाद बहुतेक वेळा तिथेच असतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ठोसा २० चा आणि प्रतिकार ३० चा असेल, तर इजा उणे दहा होत नाही, शून्य होते. मार खाऊन कोणी धडधाकट होत नाही!

शब्द जपून वाचा

इजा झाली की पत्त्यावर सोंगट्या ठेवतात. एक सोंगटी म्हणजे १० इजा. काही हल्ले "३० इजा करा" असे सांगतात, तर काही "शत्रूवर तीन सोंगट्या ठेवा" असे. दोन्ही एकच वाटतात ना? पण नाहीत. 'इजा करा' म्हटले की दुर्बलता, प्रतिकार हे सारे गणित लागू होते. 'सोंगट्या ठेवा' म्हटले की ते गणित मध्ये येतच नाही; तीन म्हणजे तीनच. जलप्राण्याने तीन सोंगट्या ठेवल्या, तरी अग्निराक्षसावर त्या सहा होत नाहीत.

विषबाधा, भाजणे, झोप, गोंधळ आणि लकवा या पाच अवस्थांचेही असेच आहे. विष आणि भाजणे दाखवण्यासाठी पत्त्यावर खुणेची चकती ठेवतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी असू शकतात. झोप, गोंधळ आणि लकवा दाखवण्यासाठी मात्र पत्ताच वळवतात. एक पत्ता एका वेळी एकाच दिशेला वळू शकतो. म्हणून या तिघांपैकी नवी अवस्था आली की जुनी गेली. पत्ता कसा ठेवायचा यातच नियम साठवून ठेवला आहे. पाठ करण्याचे काम वाचले.

झोपेचे एक गणितही पाहा. झोपलेल्या प्राण्यासाठी नाणे उडवतात. छाप पडला तर तो जागा होतो. शत्रूने त्याच्या पाळीत तुमचा प्राणी झोपवला. तुमची पाळी येण्यापूर्वी नाणे एकदा उडते, म्हणून तेव्हा तो झोपलेला असण्याची शक्यता १/२. तुमच्या पुढच्या पाळीलाही तो झोपलेलाच असण्याची शक्यता किती? पुष्कळजण १/४ म्हणतील. पण नाणे प्रत्येक पाळीनंतर उडते, तुमच्याही आणि शत्रूच्याही. म्हणजे मध्ये आणखी दोनदा उडाले. शक्यता १/२ × १/२ × १/२ = १/८. 'प्रत्येक' या शब्दाकडे दुर्लक्ष केले की उत्तर दुप्पट चुकते.

मनाई आणि परवानगी

एक पत्ता म्हणतो "हे करता येईल", दुसरा म्हणतो "हे करता येणार नाही". दोघेही पत्तेच, दोघेही विशेष नियम. मग काय करायचे? मॅजिकच्या नियमावलीत याचेही उत्तर आहे : मनाई परवानगीपेक्षा बलवान.

हे तत्त्व श्रीरामपूरकरांना नवीन नाही. दौंड–मनमाड लोहमार्गावरचे तुमच्या शहराचे स्थानक रेल्वेच्या नकाशावर 'बेलापूर' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेले. तिथे उभे राहून पाहा. वेळापत्रकाप्रमाणे गाडी सुटण्याची वेळ झाली, म्हणजे परवानगी मिळाली. पण सिग्नल तांबडा आहे. गाडी सुटते का? मुळीच नाही. वेळापत्रक कितीही स्पष्ट असले तरी तांबड्या दिव्यापुढे त्याचे चालत नाही. खेळात हा नियम नसता तर वाद झाला असता. रुळांवर नसता तर अपघात झाला असता.

भाकऱ्यांची चळत

पोकेमॉनमध्ये शत्रूच्या पाळीत सहसा आपण काही खेळत नाही. मॅजिकमध्ये, तसेच १९९९ साली जपानमध्ये निघालेल्या यु-गी-ओच्या पत्त्यांत मात्र एकाने पत्ता टाकला की दुसरा लगेच त्यावर प्रत्युत्तर देऊ शकतो, त्यावर पहिला पुन्हा प्रत्युत्तर देतो. अशी साखळी लांबली तर आधी काय घडले असे मानायचे? नियम असा : सर्वांत शेवटी टाकलेला पत्ता सर्वांत आधी अमलात येतो.

घरी आई भाकऱ्या थापून एकावर एक रचते. वाढताना वरची, म्हणजे शेवटी भाजलेली, आधी निघते. तसेच हे. समजा, पहिल्याने वीज टाकून शत्रूचा राक्षस मारायचे ठरवले. दुसऱ्याने त्यावर ढाल टाकली. पहिल्याने त्यावर ढाल मोडणारा मंत्र टाकला. आता वरून सोडवत या. मंत्राने ढाल मोडली, म्हणून वीज लागली, राक्षस मेला. हाच हिशेब खालून वर केलात तर गोंधळ उडेल. संगणकही एक काम अर्धवट ठेवून दुसरे हाती घेतो, तेव्हा परतीची वाट अशाच चळतीत ठेवतो.

पाणिनीची पाळी

नियमांच्या भांडणाचा सर्वांत खोल विचार कोणी केला असेल, तर तो आपल्या वैयाकरणांनी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीने 'अष्टाध्यायी'त जवळजवळ चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. शब्द तयार करताना एकाच जागी दोन सूत्रे लागू झाली तर कोणते घ्यावे, यासाठी त्याने वेगळे सूत्रच केले. म्हणजे हा नियमांविषयीचा नियम! परंपरेने त्याचा अर्थ असा लावला की, ग्रंथात जे सूत्र नंतर येते ते घ्यावे. पण अपवाद मात्र सामान्य नियमाला, म्हणजे उत्सर्गाला, नेहमीच बाजूला सारतो. हुकमाच्या दुर्रीचेच हे तत्त्व, नाही का?

अठराव्या शतकात काशीला राहणारे महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे यांनी 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात कोणता नियम कोणाहून बलवान याची पायरी-पायरीने मांडणी केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात तो ग्रंथ संपादून इंग्रजीत आणला. हा विषय अजून संपलेला नाही. केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट या भारतीय संशोधकाने २०२२ साली असे मांडले की, पाणिनीच्या सूत्राचा अर्थ "ग्रंथात नंतरचे" असा नसून "शब्दाच्या उजव्या बाजूला लागू होणारे" असा आहे. सर्व विद्वानांना हे मान्य नाही. पण पाहा, इथेही वाद आहे तो 'नंतर' म्हणजे नेमके कशानंतर, याचाच!

नियमांनाही सीमा

सगळे नियम नीट लिहिले, क्रम ठरवला, मग प्रत्येक डावाचा निकाल आधी सांगता येईल का? येत नाही. १९३६ साली ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने दाखवून दिले की, कोणतीही गणनपद्धती दिली तरी ती पुढे कधी थांबेल की नाही, हे सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. २०१९ साली चर्चिल, बिडरमन आणि हेरिक या तिघांनी मॅजिकचे पत्ते अशा खुबीने मांडून दाखवले की, तो डावच एक संगणक होतो. त्यामुळे तशा डावात कोण जिंकणार, हे कोणतेही यंत्र सर्व वेळी सांगू शकणार नाही. एकेक पाऊल पूर्ण निश्चित असते, तरी शेवट आगाऊ कळत नाही.

तुम्ही काय कराल?

यापुढे वाद झाला की आवाज चढवू नका, पत्ता हातात घ्या आणि चार प्रश्न विचारा. हा सामान्य नियम की अपवाद? यात मनाई आहे का? आधी की नंतर? नेमका शब्द कोणता? नकली पत्त्यांवर आकडे आणि मजकूर भलतेच छापलेले असू शकतात, तेही तपासा. डाव सुरू होण्यापूर्वी नियम ठरवा, मध्येच नव्हे. आणि पाचवीतल्या मुलाने नियम वाचून दाखवला तर दहावीतल्याने तो मानावा. उद्या तुमच्यापुढे विम्याचा कागद येईल, बँकेच्या कर्जाच्या अटी येतील, शेतजमिनीचा करार येईल. तिथेही हेच चार प्रश्न उपयोगी पडतील आणि तिथे पणाला लागलेला असेल तो साधा पत्ता नसेल.

आता हे करून पाहा. ब्लास्टॉइजचा हल्ला ५० चाच आहे आणि तुमच्याजवळ फक्त जुने प्लसपॉवर आहेत. चॅरिझार्ड बाद करण्यास किती लागतील? तेवढेच नवे प्लसपॉवर वापरले तर इजा किती होईल? नंतर वहीच्या पुठ्ठ्याचे वीस पत्ते कापा, दोन रंग करा, एका रंगात दश्शी मोठी आणि दुसऱ्यात एक्का मोठा ठरवा आणि मित्रासह खेळा. कोणता वाद निघतो ते लिहून ठेवा आणि तो मिटवणारा नियम एका वाक्यात लिहा. ते वाक्य तिसऱ्या मित्राला वाचायला द्या. त्याने त्याचा एकच अर्थ लावला, तर तुम्हांला नियम लिहिता आला असे समजा.